नवी साखळी, जुने दाते

जत तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी बारा वर्षांपूर्वी थोरल्या मुलासाठी घेतलेली गिअरची माउंटन सायकल आहे. मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला आणि सायकल धाकट्या मुलीकडे आली. वस्तीपासून शाळा पाच किलोमीटर, वाटेत मुरमाचा चढ. गेल्या काही महिन्यांपासून चढावर साखळी ‘खट्’ असा आवाज करून घसरू लागली, म्हणून गावातील मिस्त्रींकडून नवी साखळी बसवून घेतली. त्यानंतर साखळी पूर्वीपेक्षा अधिकच घसरू लागली. एके सायंकाळी मुलगी पेडलवर उभी राहून चढ चढत असता पाय एकदम खाली गेला आणि ती पडली. कोपर व गुडघा चांगलाच खरचटला. घरात आता दोन मते झाली आहेत. वडील म्हणतात, मिस्त्रींनी हलका माल घालून फसविले. आजोबा म्हणतात, सायकल भंगारात द्या आणि मुलीचे सायकलीने जाणेच थांबवा. भगिनी विचारतात : नवा भाग घातल्यावर दोष वाढला कसा? आणि ही सायकल खरोखरच टाकण्याजोगी झाली आहे काय?

प्रश्न सायकलीचा असला तरी त्यात एका मुलीची शाळा आणि एका कारागिराची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून या अंकात त्याचे सविस्तर उत्तर देत आहोत.

साखळी लांबते म्हणजे काय होते?

आज आपण सायकलीला वापरतो ती रोलरची साखळी हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केली. तिच्या एका खिळीच्या मध्यापासून दुसऱ्या खिळीच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दातेही याच मापाने कापलेले असतात. नवी साखळी आणि नवे दाते एकत्र असले की एकाच वेळी अनेक दात्यांवर भार विभागला जातो आणि कोणताही एक दाता ताणाखाली येत नाही.

वापराने साखळी ‘ताणली जाते’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील खिळी आणि तिच्याभोवतीचे छिद्र झिजत जाते. ही झीज केसाच्या जाडीइतकी असते, पण शंभराहून अधिक सांध्यांत ती झाली की साखळीची एकूण लांबी वाढते. अर्ध्या इंचाहून किंचित मोठे झालेले तिचे माप मग दात्यांवर वर चढून बसते आणि दात्यांनाही आपल्या मापाने झिजवू लागते. दात्याची एक बाजू कोरली जाते आणि त्याचे टोक कोयत्यासारखे वाकडे दिसू लागते.

साखळी आणि दाते अशा रीतीने एकमेकांना जुळवून घेत बरोबरच म्हातारे होतात. त्यामुळे झिजलेली साखळी झिजलेल्या दात्यांवर कशीबशी चालत राहते. अशा वेळी केवळ साखळी बदलली, तर नव्या साखळीचे अचूक अर्ध्या इंचाचे माप त्या कोरलेल्या दात्यांशी जुळत नाही. पायाचा भार आला की ती दात्याच्या उतारावरून वर सरकते आणि पुढच्या दात्यावर उडी घेते. भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. नव्या साखळीने दोष निर्माण केलेला नाही, आधीपासून असलेला दोष उघड केला आहे. साखळी हलकी होती असे यावरून सिद्ध होत नाही, उत्तम प्रतीची साखळीही त्या दात्यांवर अशीच घसरली असती. मिस्त्रींनी साखळी घालताना मागचे दाते दाखवून सावध करावयास हवे होते, एवढेच फार तर म्हणता येईल. त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल.

आधी मोजावे, मग बदलावे

साखळी बदलण्याची वेळ आली की नाही, हे ओळखण्यास मुलांच्या कंपासपेटीबरोबर येणारी बारा इंची पट्टीही पुरते, मात्र ती धातूची असल्यास बरी. पट्टीचा शून्य एका खिळीच्या मध्यावर धरावा. नव्या साखळीत चोविसावी खिळी बरोबर १२ इंचांवर येते. ती १२ इंचांपुढे एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर गेली असेल, तर केवळ साखळी बदलावी. या टप्प्यावर बदलल्यास दाते बहुधा वाचतात. अंतर एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरपर्यंत गेले असेल, तर दात्यांचीही झीज झालेली असणार असे धरून चालावे. मोजताना साखळी ताणलेली असावी, सैल लोंबकळत असता घेतलेले माप फसवे ठरते.

पुढच्या चक्राची परीक्षा याहून सोपी आहे. चक्राच्या सर्वांत पुढच्या भागी साखळी चिमटीत धरून पुढे ओढावी. ती जागच्या जागी घट्ट राहिली तर उत्तम. ओढल्यावर अर्ध्याहून अधिक दाता उघडा दिसू लागला, तर साखळी किंवा ते चक्र, अथवा दोन्ही झिजली आहेत असे समजावे.

एकच लक्षण, अनेक कारणे

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपल्या पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. ज्याच्या हाती सोंड आली तो सोंडेलाच हत्ती समजला. भगिनींच्या घरी वडिलांनी साखळीकडे पाहिले, आजोबांनी सायकलीच्या वयाकडे पाहिले. दोघांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण निर्णय देण्याइतके ते पूर्ण नाही. ‘साखळी घसरते’ हे लक्षण निदान चार कारणांनी उद्भवते. ते केव्हा, कोठे आणि किती वेळाने घडते हे विचारले की कारण आपोआप वेगळे होते.

पहिले कारण, मागच्या फ्रीव्हीलचे दाते झिजणे. या प्रकारात साखळी काही ठराविक गिअरमध्येच घसरते. जुन्या सायकलीच्या फ्रीव्हीलवर सहा किंवा सात चकत्या असतात. सर्वांत लहान चकतीला बहुधा १४ आणि सर्वांत मोठीला २८ दाते असतात. पुष्कळ मुले गिअर बदलतच नाहीत, मधल्या एक-दोन चकत्यांवर वर्षानुवर्षे सायकल चालवितात. त्या चकत्या झिजतात आणि मोठ्या चकत्या जवळजवळ नव्यासारख्या राहतात. वापरातल्या चकत्यांवर घसरणारी साखळी सर्वांत मोठ्या चकतीवर घसरत नसेल, तर निदान झाले असे समजण्यास हरकत नाही. नवे फ्रीव्हील मिळेपर्यंत झिजलेल्या चकत्या टाळून चालविता येते, आणि चढावर मोठी चकतीच वापरावयाची असते.

दुसरे कारण, पुढचे चक्र झिजणे. मागची कोणतीही चकती घेतली तरी साखळी घसरते, परंतु पुढचे चक्र बदलले की थांबते, अशा वेळी दोष पुढे आहे.

तिसरे कारण, साखळीतील एखादी आखडलेली कडी. या वेळी उडी ठराविक अंतराने येते आणि भाराशी तिचा फारसा संबंध नसतो. साखळीत १०८ कड्या आणि पुढे ४२ दाते असतील, तर साखळीची एक फेरी म्हणजे पेडलच्या सुमारे अडीच फेऱ्या. पेडल हाताने उलटे, सावकाश फिरवावे. डिरेलरच्या दोन लहान चक्रांतून जाताना जी कडी सरळ होत नाही आणि किंचित उचलल्यासारखी दिसते, तीच आखडलेली. नवी साखळी जोडताना जोडाची खिळी अधिक दाबली गेली की हा दोष येतो. म्हणून नव्या साखळीचा जोड प्रथम पाहावा. दोन्ही बाजूंनी हाताने धरून साखळी आडवी, डावी-उजवीकडे हलके वाकविली की कडी बहुधा मोकळी होते.

चौथे कारण, फ्रीव्हीलच्या आतील खिट्ट्या. मिस्त्री त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. पेडल पुढे मारल्यावर या खिट्ट्या आतील खाचांत अडकतात आणि चाक फिरवितात. जुने ग्रीस वाळून घट्ट झाले की त्या वेळेवर उचलल्या जात नाहीत. तेव्हा साखळी दात्यांवर जागच्या जागी असते, पण पेडल काही अंतर पोकळ फिरते. सर्व गिअरमध्ये असे होते. फ्रीव्हीलच्या फटीतून पातळ तेल सोडून चाक उलटसुलट फिरविल्याने कधी कधी गुण येतो. न आल्यास फ्रीव्हील बदलणेच सुरक्षित. ‘कुत्रे’ दगा देतात तेव्हा पूर्वसूचना देत नाहीत.

ही परीक्षा मुलीला चढावर पाठवून करू नये. कोणी तरी सायकल धरून मागचा ब्रेक आवळावा आणि दुसऱ्याने पेडल हाताने जोराने दाबून पाहावे. मग सपाट अंगणात खाली बसूनच सायकल चालवावी आणि भार हळूहळू वाढवावा. पेडलवर उभे राहणे सर्वांत शेवटी, खात्री झाल्यावर.

गिअर पडत नसेल तर

घसरण्याच्या जोडीला जुन्या सायकलीत आणखी एक तक्रार असते : गिअर वेळेवर पडत नाही, किंवा आपोआप बदलतो. येथे बहुधा केबलचा प्रश्न असतो. मागचा डिरेलर स्प्रिंगच्या ओढीने लहान चकतीकडे जातो आणि केबलच्या ओढीने मोठ्या चकतीकडे येतो. मोठ्या चकतीवर चढण्यास साखळी कुरकुरत असेल, तर केबल सैल आहे. लहान चकतीवर उतरण्यास वेळ लागत असेल, तर केबल जास्त ताणली आहे किंवा नळीत धूळ व गंज बसून ती अडकते आहे. जतच्या कोरड्या, धुळीच्या वाटांवर हे दुसरे कारण फार आढळते. केबल आणि तिची नळी या स्वस्त वस्तू आहेत. अनेकदा तेवढ्याच बदलल्याने डिरेलर नव्यासारखा चालतो.

केबलचा ताण डिरेलरजवळच्या फिरत्या नळकांडीने कमी-जास्त करता येतो. अर्धा वेढा फिरवावा, गिअर बदलून पाहावे, मग पुढचा अर्धा वेढा. डिरेलरवर आणखी दोन लहान स्क्रू असतात. एक लहान चकतीच्या बाहेर आणि दुसरा मोठ्या चकतीच्या पलीकडे साखळी जाऊ नये म्हणून सीमा घालतो. रोजच्या बिघाडात या स्क्रूंना हात लावण्याचे कारण नसते. ठाऊक नसता ते फिरविल्यास साखळी चाकाच्या आऱ्यांत जाऊन चाक जागीच अडकू शकते.

त्याआधी एक गोष्ट मागे उभे राहून पाहावी. डिरेलरची दोन लहान चक्रे मागच्या चाकाशी एका सरळ रेषेत, समांतर आहेत ना? सायकल उजव्या कुशीवर पडली की डिरेलर ज्या कानाला अडकविलेला असतो तो आत वाकतो. कान वाकडा असता केबल आणि स्क्रू कितीही जुळविले तरी गिअर बसत नाही. भगिनींची मुलगी पडली आहे, तेव्हा ही तपासणी त्यांनी अवश्य करावी. पोलादी चौकटीचा कान जाणकार मिस्त्री योग्य अवजाराने सरळ करू शकतात. ॲल्युमिनियमचा कान वाकवताना तुटण्याची भीती असते.

स्वच्छता आणि यत्नाचार

साखळीचा खरा शत्रू धूळ आहे, तेलाची कमतरता त्यानंतर येते. ओल्या तेलावर बसलेली मुरमाची धूळ कानसेसारखे काम करते. म्हणून तेल भरपूर ओतणे हे साखळीचे लाड नव्हेत. प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवावे, काही वेळ थांबून बाहेरचे सर्व तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. तेल खिळीच्या आत हवे, बाहेर नको. बाहेरचे तेल धूळ धरते आणि लहान जीवांनाही चिकटवून मारते.

कोणते तेल? घरातील करडईचे तेल वापरू नये. ते हवेत सुकून चिकट राळेसारखे होते. खोबरेल थंडीत थिजते आणि फार टिकत नाही. मोटारीचे जळके ऑइल तर मुळीच नको. त्यात काजळी आणि धातूचे कण असतात. सायकलीच्या साखळीचे तेल मिळाल्यास उत्तम, नाही तर कोरड्या दिवसांत शिलाई यंत्राचे तेल चालते, मात्र ते वरचेवर द्यावे लागते.

साखळी धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरावयाचे असल्यास लहान डब्यात थोडेच घ्यावे, ब्रशने घासावे आणि उरलेले झाकून ठेवावे. गाळ खाली बसला की वरचे पुन्हा वापरता येते. ते मातीत ओतून देणे ही उघड प्रमादचर्या आहे. त्या जागेतील मुंग्या-किडे मरतात आणि माती दीर्घकाळ नासते. हे काम दिवसाउजेडी, जागा पाहून व झाडून करावे. वस्तू जपून उचलणे व जपून ठेवणे यास आपल्याकडे आदाननिक्षेपण समिती म्हणतात. ती मुनींची चर्या खरी, पण गृहस्थाने तिचा अंश आपल्या अवजारांपर्यंत आणला तर तेही तिचेच पालन होय.

दुकानात काय मागावे?

साध्या एकेरी सायकलीची साखळी आतून एक अष्टमांश इंच रुंद असते. सहा-सात गिअरच्या सायकलीची तीन बत्तिसांश इंच. साधी साखळी गिअरच्या चकत्यांवर नीट चालत नाही, म्हणून गिअर किती आहेत ते सांगूनच साखळी घ्यावी. नवी साखळी जुनीशी लांबीने जुळवू नये, कारण जुनी वाढलेली असते. कड्या मोजून जुळवावी.

फ्रीव्हील जितक्या चकत्यांचे होते तितक्याच चकत्यांचे घ्यावे. जुने फ्रीव्हील आट्यांवर बसलेले असते आणि पेडल मारण्याने दिवसेंदिवस घट्ट होत जाते. ते काढण्यास त्याच्या खाचांत बसणारे खास अवजार लागते. छिन्नी-हातोड्याने ठोकून काढू देऊ नये, त्यात चाकाचा हब निकामी होतो. नवे बसविताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वेळी निघेल. भगिनींच्या सायकलीला, वरील परीक्षांत दुसरे काही न आढळल्यास, एवढेच काम आहे. नुकतीच घातलेली साखळी तशीच राहू द्यावी, ती वाया गेलेली नाही. आधीच मोजून साखळी वेळेवर बदलली असती तर फ्रीव्हीलचाही खर्च वाचला असता.

सायकल टाकून द्यावी अशी वेळ कधीच येत नाही असे मात्र नाही. चौकटीला, विशेषतः पेडलच्या धुरेजवळ किंवा हँडलखालच्या जोडाजवळ तडा गेला असेल, तर ती सायकल मुलांच्या हाती देऊ नये. साखळी, केबल, फ्रीव्हील, पुढचे चक्र हे सर्व झिजण्यासाठीच बनविलेले आणि बदलता येणारे भाग आहेत. त्यांच्या झिजण्यावरून सायकलीचे आयुष्य ठरवू नये.

जुन्याचा मान

माउंटन सायकलीचा जन्मच जुन्या सायकलींच्या दुरुस्तीतून झाला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मॅरिन परगण्याच्या टमालपायस डोंगरावरून काही तरुण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जड सायकली डागडुजी करून उतारावर पळवीत. एका उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या खटपटीतून आजची ही सायकल घडली.

दूरचे उदाहरण कशाला? बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले. त्याच घराण्याने पुढे लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये आजच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी वसविली. सांगली जिल्ह्याच्या या उद्योगाची सुरुवात सायकलीच्या दुकानातून झाली आहे. पाना हाती धरण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

परिग्रहपरिमाण हे अणुव्रत आपण धन, धान्य, जमीन यांच्या मोजदादीपुरते मानतो. हाती असलेली वस्तू नीट ओळखून तिचे आयुष्य वाढविणे आणि गरज नसता दुसरी न घेणे, हाही त्याच व्रताचा भाग आहे. वस्तूची माहिती नसली की आपण ती तरी टाकतो, नाही तर माणसाला दोष देतो.

म्हणून भगिनींना विनंती अशी की, पुढच्या खेपेस मिस्त्रींकडे जाताना वडिलांनी मुलीला बरोबर न्यावे. जुने फ्रीव्हील काढल्यावर ते टाकण्यापूर्वी त्यातील झिजलेली चकती आणि न झिजलेली चकती तिला शेजारी शेजारी पाहू द्यावी. मिस्त्रींविषयी मनात जो आरोप आला, तो कानी गेला असल्यास क्षमा मागावी. उत्तम क्षमा केवळ दशलक्षण पर्वाच्या दिवसांत पाळावयाची नसते. यापुढे आठवड्यातून एकदा साखळी पुसणे, पंधरा दिवसांनी तेल देणे आणि तीन महिन्यांनी पट्टीने मोजणे ही कामे मुलीकडेच सोपवावीत. चातुर्मासापूर्वी एकदा केबल तपासावी. पडल्याने जे धैर्य खचले असेल ते या कामातूनच परत येईल, आणि शाळेचा रस्ता बंद करण्याची वेळ येणार नाही.

जय जिनेंद्र.